चैत्र, आचारसंहिता आणि जांगडवरची पुस्तकं

कोल्हापुरात एका पेठेत आमचं पुस्तकांचं छोटं दुकान आहे. पाठ्यपुस्तकं, गाइडं ठेवत नाही, त्यामुळे जूनमधली गर्दी आमच्याकडे नसते. आमचं वर्ष दिवाळी अंकांनी उजाडतं, डिसेंबर-जानेवारीत प्रदर्शनांवर चालतं आणि ३१ मार्चला ग्रंथालयांच्या खरेदीबरोबर संपतं. मग एप्रिल. ऊन वाढलं की दुपारी एक ते पाच रस्त्यावर कुत्रंही फिरकत नाही. हा महिना भरून काढायला पाडव्यापासून चैत्रभर दुकानात काही ना काही करायचं, असं नवऱ्याने आणि मी २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाची गर्दी ओसरल्यावर ठरवलं. ते २०२४ च्या एप्रिलमध्ये पार पडलं. हिशोब मात्र जूनच्या अखेरीस मिटले. मधल्या काळात इतर गावांतल्या दुकानदारांचे फोन आले. परवानगी कुणाची लागते, खर्च किती येतो, प्रकाशक उधार देतात का, असं विचारत होते. प्रत्येकाला तेच सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते.

आमचा मूळ बेत असा होता: ९ एप्रिलला पाडव्याला नव्या पुस्तकांचं टेबल मांडायचं, ११ ते १४ एप्रिल फुले-आंबेडकर जयंतीनिमित्त वेगळी मांडणी करायची आणि २३ एप्रिलला, जागतिक पुस्तक दिनी, पेठेतल्या तालमीच्या हॉलमध्ये दिवसभर वाचन आणि विक्री.

हॉल मागायला गेलो तेव्हा तालमीचे वस्ताद कॅलेंडर न बघताच म्हणाले, "वैनी, तेवीसला चैत्री पुनव हाय. जोतिबाच्या यात्रंला सोडून पुस्तकाला कोण येतंय?"

बाहेरगावच्यांसाठी सांगते. चैत्री पौर्णिमेला वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबाची यात्रा असते. सासनकाठ्या निघतात, गुलाल उधळतो, महाराष्ट्र-कर्नाटकातून लाखो माणसं येतात. आदल्या दोन दिवसांपासून शहरातले रस्ते, पंचगंगेचा घाट, एसटी स्टँड सगळं भरलेलं असतं. पोलीस बंदोबस्तावर, आणि आमचे अर्धे गिऱ्हाईक डोंगरावर किंवा अन्नछत्रात वाढायला. युनेस्कोने १९९५ साली २३ एप्रिल हा दिवस ठरवला तेव्हा तिथे कोल्हापूरचं कुणी नव्हतं, हे उघड आहे. आम्ही मुकाट्याने २७ आणि २८ एप्रिल, शनिवार-रविवार, असं ठरवलं. हॉलचं भाडं दिवसाला हजार रुपये, झाडलोट आणि लाइट धरून. तालमीच्या फुटबॉल संघाच्या जाळ्या आणि बुटांची पोती एका कोपऱ्यात तशीच राहतील, या अटीवर.

हॉल घेण्यामागे कारण होतं. दुकानासमोर रस्त्यावर मंडप घालायचा तर महापालिकेची परवानगी, वाहतूक शाखेचा नाहरकत दाखला, अनामत, शिवाय अग्निशमनचं विचारणं, एवढं सगळं येतं. बंद हॉलमध्ये यातलं बरंचसं टळतं. ज्यांना पहिल्यांदाच असं काही करायचंय, त्यांनी रस्त्याचा नाद करू नये. शाळा, तालीम, देवळाचा सभामंडप, जे मिळेल ते छप्पर घ्यावं.

१६ मार्चला, शनिवारी दुपारी तीनला, निवडणूक आयोगाने लोकसभेची घोषणा केली आणि आचारसंहिता लागली. कोल्हापूरचं मतदान तिसऱ्या टप्प्यात, ७ मेला. म्हणजे आमचा सगळा चैत्र प्रचारात. माझ्या पोटात गोळा आला. नवरा म्हणाला, पुस्तकं विकायला आचारसंहिता कशाला आडवी येईल? विकायला येत नाही, हे खरं. पण माइक लावायचा, माणसं जमवायची म्हटलं की येते.

ध्वनिक्षेपकाला एरवीही परवानगी लागतेच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत ते आहे. रात्री दहा ते सकाळी सहा बंदी, निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा. आम्ही अर्जासोबत जोडलेली कागदपत्रं अशी: तालमीचं संमतिपत्र, आम्हा दोघांचं आधार, दुकानाची शॉप ॲक्टची पावती, दोन दिवसांचा तासवार कार्यक्रम आणि वाचणाऱ्यांची नावं. शॉप ॲक्टबद्दल एक गोष्ट. दहापेक्षा कमी माणसं कामाला असली तर २०२४ मध्ये, २०१७ च्या कायद्यानुसार, नोंदणी दाखला मिळत नव्हता, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची आणि तिची पावती घ्यायची. काही टेबलांवर अजून 'लायसन दाखवा' म्हणतात. पावतीवरच कायद्याचं नाव असतं, ते बोटाने दाखवायचं. वाद घालायचा नाही.

पोलीस ठाण्यात अर्ज घेणाऱ्यांनी सांगितलं, निवडणूक कार्यालयातून लिहून आणा. तिथे गेले तर ते म्हणाले, पक्ष आणि उमेदवारांच्या परवानग्या आमच्याकडे, तुमचं सांस्कृतिक आहे, तुम्ही पोलिसांकडे जा. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं, आणि मी मधल्या रस्त्यावर उन्हात. यात आठवडाभर गेला. शेवटी एका हवालदारांनीच वाट काढली. साध्या कागदावर हमीपत्र द्या म्हणाले: कार्यक्रम अराजकीय आहे, कोणताही उमेदवार वा पक्षाचा पदाधिकारी मंचावर नसेल, प्रचाराचं साहित्य वाटलं जाणार नाही. मी त्यात 'मंचच नसेल' हेही लिहिलं. ते वाचून ते पहिल्यांदा हसले.

मग त्यांनी कार्यक्रमपत्रिका वाचायला घेतली. 'वाचन' या शब्दावर थांबले. नाटक आहे का? नाटक असेल तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागेल. मी सांगितलं, एक माणूस खुर्चीत बसून पुस्तकातली चार पानं वाचणार, बस्स. पुढे 'शाहू महाराजांवरील पुस्तकांचं टेबल' असं होतं. त्यांनी मान वर केली. "कोणते शाहू?"

प्रश्न हसण्यासारखा वाटेल, पण त्या महिन्यात कोल्हापुरात तो खराच होता. राजर्षींच्या घराण्यातले आताचे शाहू छत्रपती स्वतः निवडणुकीला उभे होते. मी पेन घेतलं आणि ओळीआधी 'राजर्षी' आणि पुढे कंसात '१८७४–१९२२' लिहिलं. तेवढ्यावर भागलं. परवानगीची प्रत एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हातात आली. तिच्या चार झेरॉक्स काढून एक हॉलच्या दाराला, एक माइकवाल्याला, एक दुकानात आणि एक पर्समध्ये ठेवली. माइकवाल्याकडची सगळ्यात उपयोगाची ठरली, कारण विचारणा त्यालाच होते.

आता पुस्तकांकडे येते.

आमच्याकडे भांडवल म्हणावं असं काही नाही. अशा वेळी जांगड हाच आधार. प्रकाशक चलनावर माल पाठवतो, ठरलेल्या मुदतीत विकेल त्याचे पैसे द्यायचे, उरेल ते परत. पुण्याला अप्पा बळवंत चौकात जाऊन ओळखीच्या प्रकाशकांकडे बसले. काहींनी पंचेचाळीस दिवसांची जांगड दिली, काहींनी सुरक्षेसाठी चेक मागितला. कवितासंग्रह काढणारे दोन छोटे प्रकाशक 'रोखीनेच घ्या, पण कमिशन जास्त देतो' म्हणाले. ते मला पटलं. छोट्या प्रकाशकाला पैसे अडकवून ठेवणं परवडत नाही आणि त्याची पाच-पाच प्रतींची खरेदी आपल्याला जड जात नाही. कमिशन पंचवीसपासून चाळीस टक्क्यांपर्यंत मिळालं, सरासरी बत्तिसाच्या आसपास.

जांगडचं चलन घेताना प्रत्येक पुस्तकाची आवृत्ती आणि छापील किंमत लिहून घ्यावी. एकाच पुस्तकाच्या जुन्या आवृत्तीवर २५० आणि नव्या आवृत्तीवर ३२५ असं असतं, आणि परतीच्या वेळी कुठली किती होती यावर तासन्‌तास जातात. गठ्ठा सोडताना मोबाइलवर व्हिडिओ काढावा. परत करायच्या प्रतीवर दुकानाचा शिक्का, स्टिकर, पेन्सिलीची खूण, काही नको. छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य असल्याने मालवाहतुकीचं ई-वे बिल लागत नाही, पण चलनाची प्रत मालासोबत हवीच.

ती किती हवी, हे किणी टोलनाक्याच्या अलीकडे कळलं. शेवटचे काही गठ्ठे चुलतभाऊ पुण्याहून त्याच्या गाडीतून आणत होता. निवडणुकीचं पथक गाड्या तपासत होतं. डिकीत सुतळीने बांधलेले छापील कागदाचे गठ्ठे पाहून त्यांना शंका येणारच. प्रचारपत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव नसेल तर तो लोकप्रतिनिधित्व कायद्याखाली गुन्हा आहे. त्यांनी एक गठ्ठा सोडला. पथकातल्या बाईंनी पुस्तक उघडलं आणि सरळ मुद्रणाच्या पानावर गेल्या. प्रकाशक, मुद्रक, आवृत्ती, सगळं जागच्या जागी. वीस वर्षांत एवढ्या काळजीने ते पान वाचणारं कुणी पाहिलं नव्हतं, असं भाऊ फोनवर म्हणाला. चलन दाखवल्यावर सोडलं. जाताना एका शिपायाने लहान मुलांचं काही आहे का विचारलं आणि दुकानाचा पत्ता घेतला.

९ एप्रिलला सकाळी दुकानाच्या दारात गुढी उभी केली, कडुनिंबाची चटणी वाटली आणि टेबल मांडलं. दिवाळीनंतर आलेली किंवा दिवाळीनंतर चर्चेत आलेली चाळीसेक पुस्तकं, हा नियम. मधोमध कृष्णात खोत यांची 'रिंगाण'. डिसेंबरात तिला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला. लेखक आमच्याच जिल्ह्यातले, पन्हाळ्याच्या बाजूचे. धरणाने उठवलेल्या माणसांची आणि जनावरांची ही गोष्ट आमच्या गिऱ्हाइकांपैकी निम्म्यांच्या घरातली आहे. ती विकण्यासाठी मला तोंड उघडावं लागलं नाही. तिच्या शेजारी मुद्दाम विशाखा विश्वनाथ यांचा 'स्वतःला स्वतःविरुद्ध उभं करताना' ठेवला, २०२३ चा युवा पुरस्कार मिळालेला कवितासंग्रह. आणि खालच्या, मुलांच्या हाताला येईल अशा फळीवर एकनाथ आव्हाड यांचा 'छंद देई आनंद', त्याच वर्षीचा बालसाहित्य पुरस्कार. पुरस्कार म्हणजे सगळं काही, असं मी मानत नाही. पण 'नवीन काय वाचू?' असं विचारणाऱ्याला पहिलं पाऊल टाकायला तो बरा पडतो. एकदा टेबलापाशी आला की मग मी त्याला माझ्या आवडीच्या, कुणाला ठाऊक नसलेल्या पुस्तकांकडे नेते. हा माझा धंदा आणि माझा स्वार्थ, दोन्ही.

फुले-आंबेडकर जयंतीचे चार दिवस सगळ्यांत समाधानाचे गेले. या दिवसांत माणसं हार घेऊन येतात तशी पुस्तकं घ्यायलाही येतात, हे महाराष्ट्रात नवं नाही, पण आमच्या पेठेतल्या दुकानात ते इतकं घडेल असं वाटलं नव्हतं. शासनाने काढलेले बाबासाहेबांचे लेखन-भाषणांचे खंड आणि महात्मा फुल्यांचं समग्र वाङ्मय आम्ही छापील किमतीलाच विकलं, सूट नाही. तरी संपलं. १४ तारखेला रविवारी रात्री मिरवणुकीतून परतणारी पोरं दुकान उघडं दिसलं म्हणून आत आली. त्यातल्या एकाने घामाने भिजलेल्या खिशातून नोटा काढल्या, पन्नास रुपये कमी पडले. राहू दे म्हटलं. मंगळवारी आणून दिले.

२३ तारखेला दुकान बंद ठेवलं आणि आम्हीही डोंगरावर गेलो. गुलाल अजून माझ्या चपलेच्या शिवणीत आहे.

आणि मग चांगभलं म्हणून परत येतो तर बातमी: शनिवारी २७ ला पंतप्रधानांची कोल्हापुरात सभा. जोतिबाला चुकवून आम्ही नेमके तिथे जाऊन पडलो होतो. पोलीस ठाण्यातून फोन आला. परवानगी रद्द केलेली नाही, पण शनिवारी रस्ते बंद असतील, बंदोबस्ताला माणूस देता येणार नाही, तुम्हीच विचार करा. विचार काय करायचा! शनिवार सोडला. वस्तादांनी त्या दिवसाचे हजार रुपये घ्यायचे नाकारले, मी बळंच दिले. झाडलोटवाल्या मावशींनी हॉल आधीच धुऊन ठेवला होता. दोन दिवसांचा कार्यक्रम एका रविवारी बसवायचा म्हणजे वाचणारे अर्धे कमी करणं आलं. त्यातही तीन शिक्षकांनी आपणहून माघार घेतली, कारण त्यांचं निवडणूक ड्युटीचं प्रशिक्षण होतं. शाळांची सुट्टीही २ मेनंतरची, त्यामुळे लहान मुलं परीक्षेच्या अभ्यासात. एप्रिलमध्ये शिक्षक आणि मुलं यांच्या भरवशावर काही ठरवू नये, निवडणूक असो वा नसो.

शनिवारी रात्री हॉलमध्ये आणखी एक काम निघालं. भिंतीवर तालमीला खुर्च्या, पंखे, कपाटं देणाऱ्या पुढाऱ्यांच्या नावांच्या पाट्या. आचारसंहितेत त्या झाकाव्या लागतात. पंखा जुनाच असतो, नाव मात्र पात्यांपेक्षा मोठं. स्टुलावर चढून वर्तमानपत्रं चिकटवताना लक्षात आलं की वर्तमानपत्रातही त्यांचेच फोटो आहेत. पानं बदलून शेतीची पुरवणी लावली.

२८ ला सकाळी साडेनऊला सुरू केलं. विमोचन, पाहुणे, शाल-श्रीफळ काही नाही. माझं यावर ठाम मत आहे: सत्कार सुरू झाला की लोक घड्याळ बघतात, वाचन सुरू झालं की पुस्तक बघतात. दर तासाला पंधरा-वीस मिनिटं एकजण वाचायचा, मग अर्धा-पाऊण तास लोक टेबलांभोवती. प्रकाशित पुस्तकातले वाजवी उतारे जाहीरपणे वाचायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये मुभा आहे. तरी जे लेखक हयात आहेत त्यांना आधी फोन करून विचारलं होतं, आणि एकानेही नाही म्हटलं नाही. एका वाचकाने, बँकेतून निवृत्त झालेल्या, ज्यांना मी कधी चार शब्द बोलताना ऐकलं नव्हतं, त्यांनी एक कथा वाचली आणि शेवटच्या परिच्छेदाला त्यांचा आवाज फुटला. पाणी आणून दिलं, थांबले, पुढे वाचलं. त्या कथासंग्रहाच्या सगळ्या प्रती त्या तासात गेल्या.

दुपारी माणसं नव्हती, हे कबूल. दोन ते चार हॉलमध्ये आम्ही, माइकवाला आणि पंख्याखाली झोपलेले एक आजोबा. पुढच्या वेळी दुपारी सरळ बंद ठेवू, ताकाचा खर्चही वाचेल. पाचला आभाळ भरून आलं आणि वळीव कोसळला. हॉलच्या खिडकीचं एक दार लागत नव्हतं. ताडपत्री भाड्याने आणून ठेवली होती म्हणून त्या बाजूचं टेबल वाचलं. सहाशे रुपये भाडं ऐकून नवरा सकाळी कुरकुरला होता. पाऊस थांबेपर्यंत आडोशाला आलेली माणसं आत अडकली, आणि अडकलेल्या माणसाने पुस्तक चाळणं साहजिकच होतं. दिवसातली सगळ्यांत चांगली विक्री त्या पाऊण तासात झाली.

रोख रकमेबद्दल: आचारसंहितेत पन्नास हजारांहून जास्त रोकड कागदपत्रांशिवाय जवळ सापडली तर अडकते. म्हणून जास्तीत जास्त पैसे क्यूआर कोडवर घेतले आणि रात्री घरी जाताना बिलबुक सोबत ठेवलं. कुणी विचारलं नाही, पण मनाला बरं वाटलं.

आता आकडे. हॉल २,०००, खुर्च्या ७२०, माइक १,५००, पेंटरकडून रंगवून घेतलेला कापडी फलक ९००, छोटी पत्रकं १,१००, पुण्याहून माल आणण्याची वाहतूक २,८००, ताडपत्री ६००, चहा-ताक-नाश्ता १,७००. एकूण ११,३२०. चैत्रभरात छापील किमतीने साधारण ऐंशी हजारांची पुस्तकं गेली. गिऱ्हाइकाला बहुतेक पुस्तकांवर दहा टक्के दिले, हातात बावीस टक्क्यांच्या आसपास राहिले. खर्च वजा जाता सहा हजारांच्या घरात उरले. दुकानाचं भाडं त्याहून जास्त आहे. पण आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये हेही नव्हतं. नवऱ्याच्या मते शनिवारचा दिवस गेला नसता तर आकडा बरा दिसला असता. मला वाटतं दोन दिवसांत तीच गिऱ्हाइकं वाटली गेली असती.

परतीचं काम मात्र महिनाभर पुरलं. उरलेल्या प्रती मोजायच्या, चलनाशी ताळा करायचा, गोणपाटात बांधून ट्रान्सपोर्टला द्यायच्या, मग प्रकाशकाने मोजून क्रेडिट नोट, म्हणजे परत आलेल्या मालाची रक्कम वजा केल्याचा कागद, पाठवायची. बहुतेकांनी आठ-दहा दिवसांत पाठवली. एका ठिकाणी गठ्ठा त्यांच्या गोदामात न उघडता पडून होता. रोज फोन करून उपयोग होईना, तेव्हा चलनाची प्रत, गठ्ठा बांधतानाचा व्हिडिओ आणि ट्रान्सपोर्टची पावती एकत्र करून पाठवली. दोन दिवसांत नोट आली, सोबत पावसाळ्यातल्या नव्या पुस्तकांची यादी आणि 'यातली किती पाठवू?' असा निरोप. पाच-पाच सांगितल्यात.